चौऱ्यांशीची शिळा आणि आपली पाठ

पंढरीच्या श्रीविठ्ठल मंदिरातली चौऱ्यांशीची शिळा आपल्या जुन्या माळकऱ्यांना चांगली ठाऊक. तिला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, ही श्रद्धा. पिढ्यानपिढ्या वारकऱ्यांनी तिला पाठ लावली.

पण ही शिळा म्हणजे शिलालेख आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळात देवळाला ज्यांनी दान दिलं, त्यांची नावं तिच्यावर कोरली आहेत. त्यात देवगिरीचे राजे रामचंद्रदेव यादव आहेत, हेमाद्री पंडित आहेत. राजाला तिथं पंढरीच्या फडाचा मुख्य म्हटलंय. फड हा शब्द आपल्या तोंडी आजही आहे!

घासून घासून अक्षरं झिजली, हे नुकसान खरंच. पण अक्षरओळख नसलेल्या माणसांनी तो दगड पाठीनं वाचला, हेही तितकंच खरं. नामदेवरायांच्या पायरीचं तसंच. तिच्यावर पाय न देता, वाकून, हात लावून पुढं जायचं. ते करताना लहान पोरालाही कळतं की इथं कोण आहे. नुसती पाटी वाचून ते कळत नाही.

म्हणून आम्हाला वाटतं, शिळेला आता लांबूनच हात जोडावेत, उरलेली अक्षरं राखावीत. आणि तिच्यावरची नावं कीर्तनात घ्यावीत. साडेसातशे वर्षांपूर्वीचे ते दातेही विठोबाचेच. दगड झिजला तरी नाव मुखी राहील.

रामकृष्ण हरी!