आगबोटीवरची वाट

हौसेखातर समुद्रप्रवास करण्याची कल्पना फार जुनी नव्हे. एरवी माणूस आगबोटीत पाऊल टाकी ते व्यापारासाठी, चाकरीसाठी किंवा पोटामागे देश सोडण्यासाठी. हिवाळ्यात अटलांटिकवरील वर्दळ मंदावून बोटी रिकाम्या पडत. हे हेरून जर्मनीतील आगबोटधंद्याचे धुरीण आल्बर्ट बालीन यांनी २२ जानेवारी १८९१ रोजी ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट २४१ उतारूंसह भूमध्य समुद्रात सहलीला धाडली. आजच्या सहलबोटींचा प्रारंभ अनेकजण येथूनच मानतात.

पुढे बोटींवर मजल्यांमागून मजले चढले, आणि बोटीत वाट सापडणे हाच एक प्रश्न होऊन बसला. सारखेच बोळ, सारखीच दारे. पुढचे टोक कोणते आणि मागचे कोणते, हे नवख्यास उमगत नाही. एरवी ही गंमत. परंतु संकटाच्या घटकेस याच अज्ञानाची किंमत प्राणांनी मोजावी लागते.

‘टायटॅनिक’ ही काही सहलबोट नव्हती, पण हा धडा तिनेच प्रथम जगाला शिकवला. तिच्या तिसऱ्या वर्गात एकटे पुरुष पुढच्या टोकाला आणि कुटुंबे मागच्या टोकाला असत. होड्या होत्या सर्वांत वरच्या मजल्यावर, आणि तेथवर जाणारी सरळ वाट या वर्गातील उतारूंना नव्हती. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री जॉन हार्ट नावाच्या एका कारभाऱ्याने दोन खेपांत सुमारे पन्नास बायकामुलांना त्या बोळांतून वर नेले. त्या रात्री वाट ठाऊक असलेला माणूस भेटणे, हेच भाग्य होते. ब्रिटिश चौकशीच्या अहवालानुसार दुसऱ्या वर्गातील २४ ही मुले वाचली. तिसऱ्या वर्गातील ७९ पैकी केवळ २७. या आकड्यांवर भाष्य करण्याची गरज नाही.

१९१४ साली लंडन येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. प्रत्येकासाठी होडीत जागा आणि संकटसमयीच्या कवायती यांचा त्यात आग्रह होता. पण नियमात फट राहिलीच. पुढे शतकभरानेही, चोवीस तासांहून अधिक मुक्काम असलेल्या उतारूंची कवायत बोटीवर आल्यापासून चोवीस तासांत उरकली तरी चाले. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही सहलबोट इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळली. त्याच संध्याकाळी चिव्हिताव्हेक्किया बंदरात चढलेल्या सुमारे ७०० उतारूंची कवायत दुसऱ्या दिवसावर ठेवलेली होती. तो दुसरा दिवस उजाडण्यापूर्वीच बोट कलंडली. ३२ माणसे दगावली. त्यानंतर नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते.

बदलीच्या गावी बिऱ्हाड थाटताना आपण शाळेची, बाजाराची आणि दवाखान्याची वाट आधी विचारून घेतो. बोटीवरचे बिऱ्हाड चार दिवसांचे असले तरी रीत तीच ठेवावी. खोलीपासून आपल्या नेमलेल्या जमण्याच्या जागेपर्यंत मुलांना हाताशी धरून एकदा चालून यावे, दोन्ही अंगांचे जिने पाहून ठेवावेत. कित्येक बोटींवर लहान मुलांच्या मनगटाला त्या जागेची खूण असलेली पट्टी बांधतात. मुलांना ती खेळण्यासारखी वाटते. वडीलधाऱ्यांनी मात्र त्या चिमुकल्या पट्टीमागचा इतिहास ध्यानी ठेवावा.