पाच हजारांचा शेअर

आरतीनंतर मंडळाच्या ओट्यावर मुले हमखास विचारतात, "काका, बिटकॉइन घ्यावे की दुसरे एखादे नाणे?" मला तेव्हा मुंबईचे १८६४ साल आठवते.

अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा मावेना. रोज नवी कंपनी निघू लागली. बॅकबे रेक्लमेशनचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. समुद्र मात्र होता तिथेच होता! १८६५ मध्ये युद्ध थांबले, कापूस कोसळला आणि १ जुलैला सौदे चुकते करायची वेळ आली तेव्हा घेणारा कोणी उरला नाही. प्रेमचंद रायचंदांसारखे धुरंधरही त्यात सापडले. (राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीचा.) पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली.

बिटकॉइन २ कोटी १० लाखांपेक्षा जास्त निघणार नाहीत, हे नियमातच आहे. तरीही २०१७ च्या डिसेंबरात वीस हजार डॉलरला टेकलेला भाव वर्षभरात चार हजारांखाली आला. पुढे तो सावरला. पण मुलीच्या लग्नाचे पैसे घालणाऱ्याला तोवर थांबता येते का? लुना तर मे २०२२ मध्ये ऐंशी डॉलरवरून आठवड्याभरात शून्यालाच टेकले. त्याच्या जोडीचे एक डॉलरचे नाणे लुनाच्याच भरवशावर उभे होते.

आपल्या बडोद्यातले सराफ बाबाशाही रुपयाही पारखून घेत, मगच बट्टा सांगत. मी मुलांना एवढेच विचारतो: नवी नाणी पाडायचा हक्क कोणाचा? आणि दहा वर्षे हात लावायचा नाही असे ठरवले, तर किती रुपये घालाल?

दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण खूप लहान आकडा सांगतात.