बाष्पकातील पितळी बूच

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास निघालेल्या पहिल्या आगगाडीचे वर्णन आपल्याकडे पुष्कळ झाले. त्या गाडीबरोबरच बाष्पक धुण्याची जी विद्या या देशात आली, तिच्याविषयी मात्र क्वचितच लिहिले जाते. बाष्पकातील पाणी वाफ होऊन निघून जाते, पण त्यातील क्षार व गाळ मागे राहून अग्निपेटीभोवती साचतात, आणि त्यांचा थर जाड झाला म्हणजे उष्णता पाण्यापर्यंत न पोहोचता पत्राच तापून दुर्बल होतो. म्हणून ठराविक मुदतीने इंजिन थंड करून, बाष्पकाच्या कोपऱ्यांतील बुचे काढून, पाण्याच्या जोराच्या धारेने व सळयांनी गाळ बाहेर घालवावयाचा आणि बुचे पुन्हा आवळावयाची, असा शिरस्ता शेडाशेडांतून पडला.

बाष्पकाचे पत्रे घडीव लोखंडाऐवजी पोलादाचे झाले, तरी ही निमुळत्या आट्यांची बुचे बहुधा पितळेची किंवा गनमेटलचीच राहिली, यात मला जुन्या कारागिरांची विलक्षण दूरदृष्टी दिसते. भोक पोलादाचे आणि बूचही पोलादाचे असले, तर पाणी व उष्णता यांच्या योगाने दोहोंवर गंज चढून ती एकमेकांस घट्ट धरतात, आणि पान्याचा जोर लावताच आटे तुटतात. हे आटे बुचाचे गेले तर नवे बूच लेथवर थोड्या वेळात कातून होते. बाष्पकाचे गेले तर भोक मोठे करून नवे आटे पाडावे लागतात, आणि तोवर इंजिन शेडमध्ये अडकून पडते. झीज व्हावयाचीच असेल तर ती स्वस्त व सहज बदलता येणाऱ्या तुकड्याची व्हावी, अशी ही तजवीज होती. शिवाय पितळ पोलादापेक्षा सुमारे दीडपट प्रसरण पावते. त्यामुळे इंजिन तापले की बूच भोकात अधिकच घट्ट बसते आणि निवाले की सुटण्यास सोपे जाते. निमुळत्या आट्यांमुळे थोडे झिजलेले बूचही किंचित खोल जाऊन पुन्हा पाणी धरते.

पितळ निर्दोष होते असे नाही. उष्ण पाण्यात त्यातील जस्त झिरपून जाते व ते ठिसूळ होते, म्हणूनच तांबे व कथील मुख्य असलेले गनमेटल अधिक टिकाऊ ठरले.

बुचांचा हा धडा साध्या स्क्रूंनाही लागू पडतो. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांच्या प्रमाणीकरणाची योजना मांडली, तेव्हापासून एका कारखान्याचे स्क्रू दुसऱ्यास बसण्याचा मार्ग मोकळा झाला. माप जुळले तरी गंज उरलाच होता; १९१३ साली शेफील्ड येथे हॅरी ब्रेअरली यांनी क्रोमियमयुक्त अगंज (स्टेनलेस) पोलाद तयार केले आणि गंजाचा प्रश्न कायमचा मिटला असे अनेकांस वाटले. परंतु अशा पोलादाच्या स्क्रूवर तशाच धातूचा नट आवळला, म्हणजे दाबाखाली पृष्ठावरील संरक्षक पापुद्रा निघून उघडा धातू उघड्या धातूस चिकटतो, आणि पुढे स्क्रू सुटण्याऐवजी तुटतो. तेव्हा जो स्क्रू वरचेवर काढावयाचा आहे, त्यासाठी धातू निवडताना तरुण यंत्रज्ञांनी त्याच्या गंजरोधाबरोबरच तो कोणत्या धातूच्या आट्यांत फिरणार आहे हेही आधी विचारावे, आणि स्टेनलेसच घ्यावयाचे असेल तर आट्यांना योग्य वंगण लावल्यावाचून ते आवळू नये.