सरकीची धाकटी पुडी



‘जालना सोने का पालना’ ही म्हण आमच्या गावच्या मुलांस बाराखडीबरोबरच तोंडपाठ होते. निजामाच्या अमदानीत १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग जालन्यावरून गेला, त्याच्या मागोमाग सरकी काढण्याचे व गाठी दाबण्याचे कारखाने आले, आणि कापसाच्या पैशावर ही पेठ वाढली. म्हणीतले सोने म्हणजे कापूसच, अशी माझी बालपणी समजूत होती. पुढे मात्र ह्या गावाचा लौकिक कापसापेक्षा त्याच्या बियाण्यामुळे अधिक झाला. जनुकात फेरफार केलेले पहिले पीक ह्या देशात ज्या बियाण्याच्या रूपाने आले, त्याची, त्यापासून झालेल्या लाभाची आणि त्यावर घातलेल्या निर्बंधांची हकीकत आज सांगावयाची आहे. मी कृषिशास्त्राचा पंडित नव्हे. शाळेत इतिहास शिकविला आणि सुट्या थोरल्या बंधूंच्या शेतावर घालविल्या, एवढाच माझा अधिकार.

बद्रीनारायण बारवाले ह्यांनी १९६४ साली जालन्यास महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी स्थापन केली. ‘महिको’ हे तिचे लोकांच्या तोंडी रुळलेले नाव. भेंडीच्या सुधारलेल्या बियाण्यापासून बारवाल्यांनी आरंभ केला, पुढे ज्वारी, बाजरी, कापूस ह्यांची संकरित बियाणी काढली, आणि १९९८ साली त्यांस जागतिक अन्न पुरस्काराचा मान मिळाला. संकरित कापसाचे बी कसे तयार होते हे शहरवासीयांस क्वचितच ठाऊक असते. ते यंत्रावर होत नाही. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरावयाची, तिच्यातील पुंकेसर नखाने सोलून काढावयाचे, खुणेसाठी वर रंगीत कागदाची टोपी घालावयाची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर-ओळीतील फूल तोडून त्याचे पराग त्या कळीच्या स्त्रीकेसरावर हलक्या हाताने फिरवावयाचे. एका फुलाचे एक बोंड. असे सहस्रावधी वेळा. आमच्याकडे ह्यास ‘सीड प्लॉट’ म्हणतात, आणि तो बहुधा बायकांच्या व पोरींच्या बोटांवर चालतो. भाद्रपद लागला की माझ्या वर्गातल्या मुली दिसेनाशा होत. हजेरीपटावर गैरहजेरी मांडताना त्या घरच्याच शेतात कळ्या सोलीत असतील हे मला पुरते ठाऊक असे. तरी मी मुकाट्याने मांडीत असे.

असे कष्टाने केलेले बीसुद्धा अळीपुढे हात टेकी. कापसाच्या बोंडात शिरणाऱ्या अळ्या तीन: ठिपक्यांची, हिरवी म्हणजे अमेरिकन, आणि गुलाबी. १९८० नंतर पायरेथ्रॉइड जातीची औषधे आली तेव्हा हिरवी अळी पटापट मरे. दहा वर्षांच्या आत ती त्यांस जुमानेनाशी झाली. मग एका हंगामात दहा-दहा, पंधरा-पंधरा फवारण्या होऊ लागल्या. सावकाराचे निम्मे कर्ज औषधाच्या डब्यांत जाई, आणि त्या डब्यांतले विष फवारणाऱ्याच्या अंगावर उडे ते निराळेच.

ह्यावरचा नवा उपाय एका जंतूपाशी होता. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता ह्या शास्त्रज्ञास रेशमाच्या किड्यांच्या एका रोगात तो आढळला. १९११ साली जर्मनीतील थुरिंजिया प्रांतात बर्लिनर ह्यांनी त्याचे वर्णन केले, म्हणून त्याचे नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस. ‘बीटी’ ही त्याचीच आद्याक्षरे. ह्या जंतूच्या पोटी एक स्फटिकरूप प्रथिन असते. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते विरघळते, आतड्याच्या अस्तरास भोके पाडते आणि अळी मरते. मनुष्याच्या पोटात आम्ल असते आणि त्या प्रथिनास चिकटावयाची जागाही तेथे नसते. हे प्रथिन घडविणारे जनुक अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीने कापसाच्या झाडात घातले. १९९६ साली तशा सरकीचे अवघे शंभर ग्रॅम बी महिकोने आणविले, आणि आपल्या वाणांशी त्याचा पिढ्यान्‌पिढ्या संकर करून ते येथल्या मातीस सात्म्य केले.

कायदा तयारच होता. पर्यावरण संरक्षणाच्या १९८६ च्या अधिनियमाखाली ५ डिसेंबर १९८९ रोजी केंद्रसरकारने नियम केले होते. अशा बियाण्यास मान्यता देणारी वरिष्ठ समिती त्या नियमांनीच निर्माण झाली. समितीचे काम सावकाश चाललेले असता २००१ साली गुजरातेत एक चमत्कारिक गोष्ट घडली. हिरव्या अळीने सगळीकडचा कापूस फस्त केला असता काही शेते मात्र हिरवीगार उभी राहिली. तपासाअंती निघाले की ‘नवभारत १५१’ ह्या नावाने विकलेल्या बियाण्यात तेच बीटी जनुक होते. परवानगी कोणीच दिलेली नव्हती. समितीने पीक उपटून जाळण्याचा हुकूम काढला. उभे पीक जाळावयास कोणता शेतकरी तयार होणार? दुसऱ्या वर्षी, २६ मार्च २००२ रोजी, महिकोच्या तीन बीटी वाणांस रीतसर परवानगी मिळाली. बी पुढे आणि कायदा मागे असा जो क्रम त्या वेळी पडला, तो पुढेही मोडला नाही.

लाभ झाला हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००१-०२ साली देशात सुमारे १५८ लक्ष गाठी रुई निघाली. २०१३-१४ साली तो आकडा ४०० लक्षांच्या जवळ गेला. गाठ म्हणजे १७० किलो. ह्यातले सगळे श्रेय एका जनुकाचे नव्हे. पाणी वाढले, खत वाढले, क्षेत्रही वाढले. तथापि बोंडअळीसाठी होणाऱ्या फवारण्या पुष्कळ कमी झाल्या हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या बंधूंनी पाठीवरचा पंप गोठ्यात टांगला तो दोन-तीन वर्षे केवळ रसशोषक किडीपुरताच खाली निघे, आणि माळवदाच्या जागी सिमेंटचे छत पडले ते त्याच कापसावर.

आता मूळ मुद्द्यावर येतो. २००२ च्या परवानगीस एक अट होती. बीटी कापसाच्या भोवती साध्या कापसाचा पट्टा पेरावयाचा. क्षेत्राचा पाचवा हिस्सा किंवा पाच ओळी, जे अधिक भरेल ते. ह्यास आश्रय-पीक म्हणतात. म्हणून ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या सरकीची धाकटी पुडी मिळे. तिच्यामागील विचार सुंदर आहे. लक्षावधी अळ्यांत एखादी जन्मतःच विष पचविणारी निघते. तिच्या पतंगास जोडीदारही तसाच मिळाला, तर सारी संतती विष पचविणारी होईल. परंतु शेजारच्या साध्या कापसावर विषापासून अस्पर्श राहिलेले पुष्कळ पतंग वाढत असतील, तर त्या एकट्याची गाठ बहुधा त्यांच्यापैकी कोणाशी पडेल, आणि त्यांची संतती बीटी बोंडात मरेल. थोडक्यात, उद्याच्या पिकासाठी आज काही ओळी अळीला द्यावयाच्या.

ही पुडी मी प्रथम बंधूंच्या ओसरीवर पाहिली. वरच्या कागदावरील मजकूर वाचून मी विचारले, “दादा, ही बांधाकडेनं पेरायची ना?” ते म्हणाले, “अळीला का पाट मांडून जेवाया वाढायचं व्हय रे?” वहिनींनी ती सरकी म्हशीच्या आंबोणात टाकली. मी शिकलासवरलेला माणूस. कागद वाचला होता, कारणही पुढे समजून घेतले होते. तरी पुन्हा त्यांस काही बोललो नाही. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. दोन एकरांच्या तुकड्यात सभोवार पाच ओळी अळीला दिल्या तर मालकाच्या हाती काय उरावे? हा नियम मोठाल्या शेतांच्या देशात शोभणारा होता. आमच्या वाटण्या झालेल्या वावरांत तो कोणी मोजून पाहिला नव्हता, आणि पाळला की नाही हे पाहावयास बांधावर कोणी आलेही नाही. कुंपणच शेत खाते अशी आपली म्हण आहे; येथे कुंपण पेरलेच गेले नाही.

हिरव्या अळीचे ह्यामुळे फारसे बिघडले नाही, म्हणजेच आपले बिघडले नाही. ती तुरीवर, हरभऱ्यावरही जगते, आणि आमच्या जिल्ह्यात तूर-हरभरा मुबलक. तिला आश्रय आपोआप मिळाला. गुलाबी अळीचे तसे नाही. ती जवळजवळ कापसावरच जगते. ही अळी आपल्याच देशाची जुनी ओळखीची. १८४३ साली तिचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले ते भडोचच्या कापसावरील नमुन्यांवरून. त्यात आमचे संकरित वाण लांब मुदतीचे, आणि डिसेंबरानंतरही पाणी देऊन फरदड ठेवण्याची सवय. तिला बारमाही अन्नछत्रच लाभले. २०१० मध्ये गुजरातेत ती पहिल्या बीटीस दाद देईना असे जाहीर झाले. २००६ पासून आलेले दोन जनुकांचे बीही पुढे निष्प्रभ ठरले, आणि २०१७ साली मराठवाडा व विदर्भ दोन्हींकडे तिने कहर केला. मिटल्या पाकळ्यांच्या डोमकळ्या, आणि वेचणीला आलेल्या बोंडांत पिवळा, किडका कवडी कापूस. बंधूंचा पंप पुन्हा खुंटीवरून उतरला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक माणसे दगावली.

ह्याच अळीची अमेरिकेतील कथा ऐकण्यासारखी आहे. अॅरिझोना प्रांतातील शेतकऱ्यांनी १९९६ पासून दहा वर्षे आश्रय-पीक नेमाने पेरले. पुढे वांझ केलेले पतंग विमानांतून सोडले. आणि २०१८ साली अमेरिकेच्या कापसातून गुलाबी अळी नाहीशी झाल्याचे तेथील सरकारने जाहीर केले. जनुक तेच, अळी तीच.

आपल्या सरकारचे लक्ष ह्या काळात मुख्यतः किमतीकडे होते. आरंभी पाकीट सुमारे १६०० रुपयांस मिळे. २००६ साली आंध्र सरकार मक्तेदारीविरोधी आयोगापुढे गेले आणि किंमत ७५० वर आली. महाराष्ट्राने २००९ साली स्वतंत्र कायदा केला. २०१६ पासून केंद्राने देशभर एकच दर बांधला, पहिल्या वर्षी ८००. शेतकऱ्यास हे हवेच होते आणि मीही त्याचे स्वागत करतो. परंतु मोठ्या पाकिटावरील छापील किमतीसाठी जितके कायदे झाले, त्याच्या शतांश कळकळ धाकट्या पुडीच्या वाट्यास आली नाही.

वांग्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. बीटी वांगेही महिकोनेच केले. २००९ च्या ऑक्टोबरात समितीने त्यास अनुकूल मत दिले. मंत्री जयराम रमेश ह्यांनी नागपुरासह सात शहरांत जनसुनावण्या घेऊन ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यास स्थगिती दिली. बांगलादेशात २०१४ पासून ते शेतात आहे. इकडे तणनाशक सोसणाऱ्या कापसाचे विनापरवाना बी चोरून पेरले जाऊ लागले, आणि २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेच्या लोकांनी ते उघड उघड पेरून दाखविले. जे मागितले ते अडवून धरावयाचे आणि जे शिरले ते थांबवावयाचे नाही, हा कारभार मला इतिहासाचा शिक्षक म्हणून ओळखीचा वाटतो. १८२९ पासून मुंबई सरकारने कापसातील भेसळीविरुद्ध कायद्यांवर कायदे केले, तेव्हाही व्यापारी गाठी ओल्या करीतच होते.

धाकटी पुडी आता निराळी मिळत नाही. साधे बी त्याच पाकिटात शेकडा पाच ते दहा ह्या प्रमाणात मिसळून देतात. पाकीट ४७५ ग्रॅमचे झाले, आणि २०२३ साली त्याची किंमत ८५३ रुपये ठरली. शेतकऱ्याच्या मर्जीवर काही ठेवलेच नाही. बंधू आता थकले. पेरणी पुतण्या पाहतो. गेल्या मृगात त्याने पाकीट फोडले तेव्हा मी मूठभर सरकी हातावर घेऊन चष्म्यातून पाहिली. सगळ्या बियांवर औषधाचा एकच रंग होता. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, म्हशीला द्यायची ती कंची?” पुतण्या हसला आणि त्याने पाकीट टोकण करणाऱ्या बायांकडे दिले.