केशवराव दाते : रंगभूमीवरून पडद्यावर
रंगभूमी गाजविणाऱ्या कित्येक नटांना बोलपट मानवला नाही. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा त्यांचा खडा सूर मायक्रोफोनपुढे कर्कश भासे. केशवराव दाते यांचे तसे झाले नाही. ब्यर्नसन या नॉर्वेजियन लेखकाच्या कृतीवरून १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणणाऱ्या नाट्यमन्वंतर संस्थेत ते होते. तेथे पल्लेदार भाषणांपेक्षा साध्या बोलण्याला मान होता.

ही शिदोरी शांतारामांच्या ‘कुंकू’त (१९३७) कामी आली. कोवळ्या नीरेशी विवाह करणारे वृद्ध वकील काकासाहेब वस्तुतः तिरस्कारास पात्र. दात्यांनी त्यांना ओशाळलेपण दिले. शांता आपटे यांची नीरा नमत नाही. अन्याय उमगलेले काकासाहेब अखेर आत्महत्या करतात, तेव्हा संतापलेला प्रेक्षकही डोळे पुसतो.