पोटात उतरलेली दुर्बीण

श्रोतेहो, तालुक्याच्या दवाखान्यात बाकावर बसलेला रोगी हल्ली डॉक्टरांना हमखास विचारतो, "साहेब, फाडून करणार, का दुर्बिणीनं?" आपल्या आजोबांना हा प्रश्न सुचलाही नसता. त्यांच्या काळी पोटाचे ऑपरेशन म्हणजे वीतभर चिरा, आठ-पंधरा दिवस खाट, आणि पुढे महिना-दीड महिना ना कुदळ हातात, ना घागर डोक्यावर. आज पित्ताशयात खडे झालेली बाई चार बारीक भोकांवर पट्ट्या लावून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एस.टी.ने घरी येते. रोजावर पोट असलेल्या घरात या फरकाचा अर्थ काय, ते मी सांगायला नको. हे घडले कसे, आणि त्यापायी कोणाला काय सोसावे लागले, ती हकिगत आज ऐकू या.

पहिली अडचण अंधाराची होती. १८०६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या फिलिप बोझिनी या डॉक्टराने एक डबा लोकांपुढे आणला. आत मेणबत्ती, तिच्यामागे आरसा आणि पुढे नळी. या नळीने शरीराच्या आत उजेड टाकून पाहावे, ही त्याची कल्पना. व्हिएन्नाच्या वैद्यकपंडितांनी ती बाजूला सारली. तीनच वर्षांनी, ऐन छत्तिसाव्या वर्षी, बोझिनी तापाने वारला. १८७९ च्या सुमारास माक्स निट्झे याने मूत्राशय पाहण्याची नळी केली. तिच्या टोकाशी प्लॅटिनमची तार तापून प्रकाश देई, आणि आतले भाजू नये म्हणून नळीतून गार पाणी खेळवावे लागे. म्हणजे उजेड मिळाला, पण निखाऱ्यासकट! पुढे एडिसनचा दिवा वाटाण्याहून लहान झाला, नळीच्या टोकावर बसला, आणि पाण्याचा खटाटोप गेला.

दुसरी अडचण जागेची. पोट म्हणजे रिकामा रांजण नव्हे. आतडी पोटाच्या भिंतीला लागून असतात, तिथे नळी फिरायला वाव कुठला? १९०१ साली ड्रेस्डेनच्या गेऑर्ग केलिंगने हांबुर्गच्या एका शास्त्रसभेत कुत्र्याच्या पोटात गाळलेली हवा भरली, पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली, आणि निट्झेची दुर्बीण आत घातली. गंमत अशी की केलिंगच्या मनात मूळ विचार दुसराच होता : हवेच्या दाबाने पोटातला रक्तस्राव थांबेल, असे त्याला वाटत होते. ते काही साधले नाही, पण तंबूची युक्ती राहिली. आज त्यासाठी कार्बन डायऑक्साइड वापरतात, कारण तो पेट घेत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. १९१० साली स्टॉकहोमच्या याकोबेउस या डॉक्टराने माणसाच्या पोटात व छातीत दुर्बीण घातली. पुढची पन्नास वर्षे तिचा उपयोग मुख्यतः पाहण्यापुरता होता. यकृत कसे आहे, पोटात पाणी कशाने झाले, एवढे ती सांगे.

तिसरी गोष्ट घडली लंडनमध्ये, आणि तीत आपला एक माणूस आहे. पंजाबातल्या मोगा गावचा नरिंदरसिंग कपानी इंपीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली काम करीत होता. केसासारख्या बारीक काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेता येते, हे या दोघांनी १९५४ साली 'नेचर' या शास्त्रीय पत्रात प्रसिद्ध केले. अशाच तंतूंतून प्रकाशही वाहून नेता येतो. मग तापणारा दिवा शरीराबाहेर राहिला आणि आत गेला तो फक्त थंड प्रकाश. हॉपकिन्स यांनी पुढे दुर्बिणीतल्या भिंगांची रचना बदलून मध्ये काचेच्या कांड्या बसवल्या आणि चित्र लख्ख केले. आजच्या बहुतेक ताठ दुर्बिणी त्याच रचनेच्या आहेत.

इथपर्यंत सगळे शांतपणे चालले होते. नुसते पाहणाऱ्याला कोणी अडवत नाही. दुर्बिणीतून कापायचे म्हटल्यावर मात्र भांडण पेटले.

जर्मनीत कील येथे कुर्ट झेम नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. त्यांना यंत्रांचा मोठा नाद. पोटात ठरावीक दाबाने वायू भरणारे यंत्र त्यांनी केले, आत गाठ मारायच्या युक्त्या काढल्या. १९७० साली ते तिथे विभागप्रमुख झाले आणि हा प्रकार सुरू केला, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना स्वतःचा मेंदू तपासून घ्यायला सांगितले! १९८० मध्ये झेम यांनी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढले. त्यावर जर्मन सर्जनांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी त्यांचा व्यवसाय थांबवावा अशी मागणी केली. एका अमेरिकन मासिकाने त्यांचा लेख अनैतिक म्हणून परत पाठवला.

झेम यांच्यापासून स्फूर्ती घेऊन ब्योब्लिंगेन या लहान गावातल्या एरिख म्यूहे या सर्जनाने १२ सप्टेंबर १९८५ रोजी दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढले. जगातले हे पहिले. पुढल्या एप्रिलमध्ये सर्जनांच्या परिषदेत त्यांनी अनुभव मांडला, तेव्हा त्यांची टर उडवण्यात आली. नंतर त्यांचा एक रोगी दगावला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि त्यातून नाव स्वच्छ व्हायला १९९० साल उजाडले. दरम्यान १९८७ मध्ये फ्रान्समधल्या लिऑंच्या फिलिप मूरे यांनी हेच ऑपरेशन केले, पॅरिस आणि बोर्दोच्या सर्जनांनी ते उचलले, आणि दोन-तीन वर्षांत ते जगभर पसरले. १९९२ साली त्याच जर्मन संघटनेने म्यूहे यांचा गौरव केला.

आता तुम्ही म्हणाल, विरोध करणारे हेकट होते. थोडे होतेच. पण माझ्या मते त्यांच्या भीतीत तथ्यही होते. चिरा मोठा असला की सगळे डोळ्यांपुढे असते, रक्तस्राव झाला तर बोट ठेवता येते. पिढ्यान्‌पिढ्या हेच शिकवले गेले होते. दुर्बिणीत हे सगळेच उलटते. शिक्षकबंधूंनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. बुटाच्या खोक्याच्या झाकणाला दोन भोके पाडा, त्यांतून विणकामाच्या दोन सुया घाला, आणि आतली काड्यापेटी उचलायला मुलाला सांगा. हात डावीकडे नेला की सुईचे टोक उजवीकडे जाते, हात वर केला की टोक खाली जाते. भोक हा टेकू झाला आणि सुई झाली तरफ. शिवाय सर्जनला दिसते ते पडद्यावरचे सपाट चित्र. कुठली वस्तू पुढे, कुठली मागे, ते ताडावे लागते. आणि बोटांना मऊ-कठीण कळायचे ते जवळजवळ कळेनासे होते. वीस वर्षे पोट उघडून ऑपरेशने केलेला सर्जन इथे पुन्हा बिगारीत बसतो.

आणि नेमके हेच घाईत विसरले गेले. १९९० च्या आसपास अमेरिकेत रोगीच दुर्बिणीचे ऑपरेशन मागू लागले, आणि शनिवार-रविवारच्या शिबिरात शिकून सर्जन सोमवारी कामाला लागू लागले. पित्ताशयाला लागूनच यकृताकडून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनलिका असते. ती चुकून कापली गेली तर रोग्याचे हाल विचारू नका. १९९१ साली अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या सर्जनांनी १,५१८ ऑपरेशनांचा हिशेब छापला. प्रत्येक गटाच्या पहिल्या १३ रोग्यांत या नलिकेला इजा होण्याचे प्रमाण शेकडा २.२ होते; त्यानंतरच्या रोग्यांत शेकडा ०.१. दुर्बीण तीच, रोग तोच. फरक हाताला वळण पडले की नाही, एवढाच. ते वळण ज्या पहिल्या तेरांच्या अंगावर पडले, त्यांना कोणी विचारले होते? पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने नियम केला, की आधी देखरेखीखाली १५ ऑपरेशने करा, मग स्वतंत्रपणे हात लावा.

मग शिकण्याचे शास्त्र उभे राहिले. झेम यांनी सरावासाठी खोकेच केले होते. आता तशी खोकी सर्वत्र झाली. रबरी कडी एका खुंटीवरून दुसरीवर न्यायची, जाळीचा तुकडा रेघेवर कापायचा, आत टाका घालून गाठ मारायची, आणि हे सगळे घड्याळ लावून. २००२ साली अमेरिकेत सोळा शिकाऊ सर्जनांवर प्रयोग झाला. यंत्रावर आधी सराव केलेल्यांच्या हातून खऱ्या ऑपरेशनात इतरांच्या मानाने सुमारे एक षष्ठांशच चुका झाल्या. व्हिडिओ कॅमेऱ्याचा उपकारही इथेच कळतो. पूर्वी दुर्बिणीला एकच डोळा लागे, गुरूला शिष्य काय पाहतो ते दिसत नसे. पडदा आल्यावर दोघेही तेच पाहू लागले.

आपल्याकडे ही विद्या आणण्याचा मान मुंबईच्या डॉ. तेहेमटन उदवाडिया यांचा. त्यांनी १९७२ साली जे. जे. रुग्णालयात दुर्बीण वापरायला सुरुवात केली ती रोगनिदानासाठी. त्या काळी आजची स्कॅनची यंत्रे आपल्या दवाखान्यांत नव्हती. गरिबाच्या पोटातला क्षय की कर्करोग, हे ओळखायला दुर्बीणच स्वस्त पडे. तिथेच १९९० मध्ये त्यांनी भारतातले दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याचे पहिले ऑपरेशन केले. २०२३ साली ते निवर्तले. यंत्र श्रीमंत देशाचे असले तरी गरज गरिबालाच जास्त, कारण त्याला लवकर कामावर जायचे असते, हा विचार त्यांच्या पिढीने आपल्या डोक्यात रुजवला. हल्ली काही ग्रामीण सर्जन वायूही टाळतात. पोटाची भिंत कडीने वर उचलून धरतात आणि पाठीत इंजेक्शन देऊन, कमरेखाली बधिर करून काम करतात. तिथे वायूचे सिलिंडर आणि पूर्ण भूल देणारा तज्ज्ञ यांवाचून अडत नाही.

पण खेड्यातल्या बायांना दुर्बीण आधी माहीत झाली ती कुटुंबनियोजनाच्या शिबिरातून, 'बिनटाक्याचं' ऑपरेशन म्हणून. त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका शिबिरात एकाच सर्जनने काही तासांत ८३ स्त्रियांची ऑपरेशने उरकली. एका चमूने दिवसात ३० च्या वर करू नयेत, असा नियम असताना. त्या सुमाराच्या तिथल्या शिबिरांतल्या १३ स्त्रिया दगावल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे आदेश दिले.

एक गोष्ट राहिली. ऑपरेशनपूर्वी संमतिपत्रावर सही घेतात, त्यात गरज पडल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया करण्यास संमती आहे, अशा अर्थाची ओळ असते. नातेवाईक ती वाचून दचकतात. चिरा घ्यावा लागला की डॉक्टर हरला, असा गावात बोभाटा होतो. तसे नाही. सूज फार आहे, नलिका ओळखू येत नाही, रक्त थांबत नाही, अशा वेळी दुर्बीण काढून पोट उघडणारा सर्जन रोग्याचा जीव जपत असतो. सर्जनांच्या परिषदांत सध्या काळजी वेगळीच बोलली जाते : नव्या पिढीने दुर्बिणीवरच हात बसवला आहे, जुना चिरा त्यांनी फारसा घेतलेलाच नाही, तेव्हा तोही आता निराळा शिकवावा लागणार.