पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधला सूर

या भागात थोडं गणित आहे, थोडं इलेक्ट्रॉनिक्स आहे, पण घाबरायचं कारण नाही. गोष्ट आपल्या पेटीचीच आहे.

कुठल्याही गाण्याच्या क्लासमध्ये जा, पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पट्टी कुठली तुमची?" उत्तर येतं, "काळी चार", नाहीतर "पांढरी दोन". आता गंमत बघा. प्रश्न आहे आपल्या गळ्याचा आणि उत्तर आपण देतोय हार्मोनियमच्या पट्ट्यांमध्ये! आणि पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधोमध ज्याचा षड्ज लागतो, त्याने काय सांगायचं? त्या जागेला नावच नाही. आजचा भाग त्या बिननावाच्या जागेबद्दल आहे.

हार्मोनियम आली युरोपातून. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ या माणसाने ती बनवली. तेव्हा ती टेबलाएवढी होती आणि भाता पायाने मारायचा. आपल्याकडे लोक गायला जमिनीवर बसतात, त्यामुळे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारायची छोटी पेटी तयार केली आणि ती देशभर पसरली. महाराष्ट्रात तर संगीत नाटकाने तिला घरचीच केली. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे हे त्या काळातले नावाजलेले पेटीवादक, आणि १९११ मधल्या 'मानापमान'च्या चालीही त्यांच्याच.

पेटी का चालली? कारण सोपं आहे. सारंगीला तीसहून जास्त तरफेच्या तारा, त्या जुळवायलाच किती वेळ! पेटी उघडली की तयार. आवाज मोठा, शिकायला सोपी, दमट हवेत तारेसारखी उतरत नाही. रोज गाणाऱ्या माणसाला हेच हवं असतं.

पण या सोयीची किंमत होती. ती समजून घ्यायला एक छोटं गणित करू. समजा तुमचा षड्ज २४० हर्ट्झवर आहे. तानपुरा छान जुळला की खरजाच्या तारेतून आपोआप गंधार ऐकू येतो, कुणी न छेडता. तो गंधार षड्जाच्या सव्वापट असतो, म्हणजे बरोबर ३०० हर्ट्झ. आता पेटी. युरोपातल्या पद्धतीत सप्तकाचे बारा समान भाग करतात, म्हणजे कुठल्याही पट्टीपासून गाणं सुरू केलं तरी ते सारखंच वाजतं. त्या हिशोबाने गंधार येतो साधारण ३०२.४ वर. फरक अडीच हर्ट्झचाही नाही. पण दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दोन-अडीच वेळा आवाज हेलकावतो. एकदा लक्षात आलं की ते हेलकावे ऐकू येतच राहतात.

शिवाय मींड! 'ग'वरून 'रे'वर घसरत यायचं तर मधली सगळी जागा लागते. पेटीत ती जागाच नाही.

या दोन कारणांवरून मोठा वाद झाला. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. तीस वर्षं! गंमत म्हणजे त्याच काळात मैफलीत, कीर्तनात, भजनात, घराघरांत पेटी वाजतच होती. रेडिओवर नाही, बाकी सगळीकडे.

काही लोकांनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला. पेटी वाईट की तिच्यावर लावलेले सूर वाईट? सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, आणि ई. क्लेमेंट्स या आयसीएस अधिकाऱ्याबरोबर खास श्रुतींची हार्मोनियम घडवून घेतली. ती रुळली नाही. पण तोच धागा पुढे डॉ. विद्याधर ओक यांच्या बावीस श्रुतींच्या हार्मोनियमपर्यंत आला. आणि आपल्याकडचे चांगले पेटी बनवणारे आजही 'गांधार ट्यूनिंग' करून देतात, म्हणजे गायकाच्या पट्टीला धरून कानाने सूर घासून घेतात. म्हणजे यंत्र वाकवता येतं. फक्त ते उघडणारा कुणीतरी हवा.

आता थेट १९८३ मध्ये येऊ. तोवर सिंथेसायझर आले होते, पण प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. एकाचा कीबोर्ड दुसऱ्याच्या यंत्राशी बोलेना. अमेरिकेत डेव्ह स्मिथ आणि जपानमध्ये रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेऊन एक समान भाषा ठरवली. तिचं नाव मिडी. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडले आणि एक वाजवला की दुसरा वाजू लागला. या शोधावर त्यांनी रॉयल्टी घेतली नाही. म्हणूनच आज तुमच्या फोनमधल्या संगीताच्या ॲपपर्यंत मिडी पोचलंय. २०१३ मध्ये दोघांना टेक्निकल ग्रॅमी मिळालं.

पण मिडीत सूर कसा लिहितात माहितीये? एक आकडा. ० ते १२७. मधला सी म्हणजे ६०, त्याच्या पुढची काळी पट्टी ६१. साडेसाठ नाहीच! तिथेही पेटीच्या पट्ट्याच बसल्यात, फक्त आकड्यांच्या रूपात. मींडेसाठी 'पिच बेंड' आहे आणि तो चांगला बारीक आहे, १६,३८४ पायऱ्यांचा. पण तो एका सुरावर चालत नाही, अख्ख्या चॅनेलवर चालतो. म्हणजे डाव्या हाताने षड्ज धरून उजव्या हाताने गंधारावर मींड घेतली, तर षड्जही बरोबर घसरतो! आधार म्हणून धरलेला षड्जच हलला तर गायचं कशावर?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत याला 'डिफॉल्ट' म्हणतात. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. त्या काळातली चिप स्वस्त ठेवायची होती, केबलवरून सेकंदाला ३१,२५० बिटच जात होते, आणि टेबलाभोवती बसलेल्यांपुढे पियानोसारखा कीबोर्ड होता. जे समोर असतं त्याचंच डिफॉल्ट होतं.

आणि तरीही वाजवणारा हुशार असला तर? मिडी येण्याआधीच, १९८२ मध्ये, मुंबईत चरणजित सिंग यांनी एक रेकॉर्ड केली. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारा हा कलाकार. त्यांनी रोलँडची तीन यंत्रं एकत्र जोडली. टीआर-८०८ तालासाठी, टीबी-३०३ बेससाठी आणि ज्युपिटर-८ रागाच्या सुरावटीसाठी. डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग: भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस... आता टीबी-३०३ बनवलं होतं एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. चरणजित सिंग यांच्या हातात ती रागाच्या कामाला आली. रेकॉर्ड तेव्हा फारशी चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे डीजे चकित झाले. कारण शिकागोत ज्या टीबी-३०३ वर १९८७ मध्ये 'ॲसिड हाउस' जन्मलं असं मानतात, तसाच आवाज मुंबईत पाच वर्षं आधी वाजला होता.

आता आजचं बोलू, कारण प्रश्न आज जास्त जवळ आलाय. १९९७ मध्ये ऑटोट्यून आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलशोधासाठी जमिनीखालून येणाऱ्या ध्वनिलहरींचा अभ्यास करत. तेच गणित त्यांनी गळ्याला लावलं. सूर कुठे आहे ते ओळखायचं आणि जवळच्या पट्टीवर नेऊन बसवायचं. आता त्याच्यापुढे दरबारी कानडा गा. त्यातला कोमल गंधार नेहमीपेक्षा उतरलेला आणि झुलता असतो. त्या आंदोलनातच दरबारी आहे. नेहमीच्या सेटिंगवरचं ऑटोट्यून त्या झुलण्याला चूक समजतं आणि सरळ करून टाकतं. आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली ती पेटी सूर बिघडवते म्हणून. इथे यंत्र गायकालाच सांगतंय की तूच बेसूर आहेस! आणि जे पोरगं रोज असे सरळ केलेलेच सूर ऐकत वाढेल, त्याच्या कानाला झुलता गंधार खरंच चुकीचा वाटू लागेल. मला भीती आहे ती याची.

चांगली बातमीही आहे. २०१८ पासून प्रत्येक सुराला वेगळा चॅनेल देणारी एमपीई पद्धत अधिकृत झाली. २०२० मध्ये मिडी २.० आलं, त्यात एकेका सुराला स्वतंत्र वाकवता येतं. आता षड्ज जागेवर ठेवून गंधार हलवता येईल, तेही कीबोर्डवर.

पण डिफॉल्ट अजूनही बारा समान भागांचंच आहे. म्हणून जे कुणी घरी लॅपटॉपवर, फोनवर गाणी करताय त्यांना एवढंच सांगेन. सेटिंग्ज उघडा. ऑटोट्यूनचा 'रीट्यून स्पीड' कमी करून बघा, ट्यूनिंगचा मेनू शोधा, तानपुरा लावून गंधार स्वतःच्या कानाने तपासा. पेटीचे सूर घासणारे कारागीर हेच करत आलेत, त्यांच्या हातात कानस होती, आपल्या हातात मेनू आहे.

आणि हो, पुढच्या वेळी कुणी पट्टी विचारली आणि तुमचा षड्ज मध्येच कुठेतरी लागत असेल, तर बिनधास्त सांगा, "पांढरी पाचच्या थोडी वर." तानपुऱ्याला चालतं ते.

भेटू पुढच्या भागात!